गेलेल्यांना विचारायचा प्रश्न

सुख मोजायला माणसं पाठवायची तर आधी त्यांना समोसे खाऊ घालावे लागतात. जालन्यातल्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये प्रशिक्षण झालं, तेव्हा वंदनाने हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. पुण्याहून आलेले सर पडद्यावर एक शिडी दाखवत होते. सगळ्यात वरची पायरी म्हणजे माणसाला जगता येईल तेवढं चांगलं जगणं, सगळ्यात खालची म्हणजे त्याहून वाईट नसतं असं जगणं. आदिवासी वस्त्यांवर जायचं, दर वस्तीवर एक लेकरू, एक तरणं माणूस, एक मधल्या वयाचं आणि एक म्हातारं गाठायचं, टॅबवरची शिडी पुढे धरायची आणि विचारायचं, आज तुम्ही कोणत्या पायरीवर उभे आहात? जन्मापासून म्हातारपणापर्यंत माणसाचं सुख कुठे चढतं नि कुठे उतरतं, ते त्यातून कळणार होतं. सरांचा स्वतःचा चेहरा बराच खालच्या पायरीवरचा दिसत होता, पण त्यांना विचारायची सोय नव्हती.

प्रश्न विचारण्यात वंदनाचा हात धरणारं संस्थेत कुणी नव्हतं. बायाबापड्या तिच्यापाशी घडाघडा बोलत. याचं कारण साधं होतं. ती स्वतःबद्दल चकार शब्द काढत नसे, त्यामुळे समोरच्याला ऐसपैस जागा मिळे. मस्तगडात भाड्याच्या खोल्या, नवरा प्रेम, त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान, एवढंच सगळ्यांना ठाऊक. आणि माहेर? आई-बाप वारले, असं तिने लग्नाआधीच प्रेमला सांगून टाकलं होतं. प्रेम भला माणूस, त्याने पुन्हा तो विषय काढला नव्हता. त्यातला बाप खरोखर वारला होता, एवढं उडत उडत तिच्या कानावर आलं होतं. आई जिवंत होती.

गावांची वाटणी झाली तेव्हा हसनाबादच्या पुढची एक भिल्ल वस्ती संस्थेतल्या राजानंदच्या वाट्याला आली. वंदनाने त्याला चहा पाजला, अंबडकडची आपली गावं त्याच्या गळ्यात मारली आणि ती वस्ती मागून घेतली. अंबडला सासरचे लोक भेटतात, चहापाण्यात दिवस जातो, असं काहीतरी तिने त्याला सांगितलं. खरी गोष्ट अशी की ती त्या वस्तीवर जन्मली होती. तिथे तिचं नाव मीना होतं. वंदना हे सासरी ठेवलेलं. ती वयात आली न आली तोच तिथून गेली होती आणि पुन्हा फिरकली नव्हती. आता गळ्यात ओळखपत्र अडकवून का होईना, तिला एकदा आईपुढे उभं राहायचं होतं. आईने आपल्याकडे बघावं, एवढंच तिला हवं होतं. शिव्या द्याव्यात, हवं तर खराटा घेऊन मागे लागावं, पण एकदा बघावं.

ती गेली तीही घरातून नव्हे. सगळं घर कारखान्याकडे ऊसतोडीला गेलेलं. फडात तिच्या लग्नाची बोलणी चालली होती आणि नवरामुलगा तिच्या बापाच्या जोडीने बिड्या ओढणारा होता. एका दुपारी ती घागर घेऊन पाटावर गेली. चपलेचा अंगठा तुटला होता म्हणून चपला तिथेच सोडल्या, घागर ठेवली आणि अनवाणी चालत डांबरी रस्त्याला लागली. पाटाच्या कडेला घागर नि चपला पाहून मागची माणसं काय समजतील, हे तिला रस्त्याला लागता लागताच कळलं होतं. तरी तिने निरोप धाडला नाही. आधी भीतीने, मग लाजेने आणि पुढे पुढे नुसत्या सवयीने.

पौषातल्या एका सकाळी ती हसनाबादला एसटीतून उतरली आणि नाल्याच्या काठाने चालत वस्तीवर पोचली. वस्ती अर्धीअधिक ओस होती. धडधाकट माणसं ऊसतोडीला गेलेली, मागे म्हातारेकोतारे, लेकरं आणि पोटुशा बाया. कुडाच्या भिंतींच्या जागी पत्रे आले होते, एका घरावर टीव्हीची छत्री होती. हिवराचं झाड मात्र होतं तिथेच होतं, आणि त्याखालची उभ्या दगडांची रांगही. त्यातला शेवटचा दगड तिच्या आठवणीतला नव्हता. तिने तिकडे फार वेळ बघायचं टाळलं.

पहिला भेटला तो भिवा, तिच्या बापाचा चुलता. अंगणात बाजेवर ऊन खात बसला होता. त्याने तिच्या तोंडाकडे पाहिलं, मग तिच्या पावलांकडे पाहिलं, आणि पावलांकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग त्याने नजर उचलून हिवराच्या झाडाला लावली आणि नंतर ती काढलीच नाही.

"राम राम बाबा," वंदना म्हणाली. "जालन्याहून आले. सर्वेचं काम आहे."

"या," भिवा झाडाला म्हणाला. मग घराकडे तोंड करून आवाज दिला, "तुळजा, पाव्हणं आलंय बरं का."

तुळजा म्हणजे वंदनाची आई. आत तव्यावर काही वाजत होतं ते थांबलं. वंदनाचा जीव टांगणीला लागला. पण हातात काम होतं आणि कामाने माणसाला आडोसा मिळतो. तिने टॅब काढला आणि भिवापुढे शिडी धरली.

"शिडी?" भिवा म्हणाला. "मधाला चढायचो तवा व्हती आपली. आता बाजंवरून उतरायला माणसं लागतेत. सगळ्यात खालची पायरी लिवा. पडायची धास्ती न्हाई."

वंदना हसली. भिवा हसला नाही. एरवी म्हातारी माणसं विनोद केला की आपल्याकडे बघतात, ऐकणाऱ्याला तो कळला का याची खात्री करतात. हा झाडाकडेच बघत होता. ऐकू कमी येत असेल, असं तिने मनाशी म्हटलं. त्याचे कान तर चांगले तीक्ष्ण होते, हे तिलाही दिसत होतं.

लेकरू मात्र धीट निघालं. अंगणाच्या कोपऱ्यात कोंबड्या डाल्याखाली झाकल्या होत्या. त्या बांबूच्या डाल्याशी खेळत असलेली एक मुलगी उठून सरळ वंदनापुढे येऊन उभी राहिली, आणि टॅबमध्ये गाणी आहेत का, असं विचारू लागली.

"आहेत. आधी तुझं नाव सांग."

"मीना."

वंदनाचं बोट टॅबवर होतं तिथेच राहिलं.

"तातेराव माझा बाप," मुलगी सांगत सुटली. तातेराव हा वंदनाचा भाऊ. "आधी हे नाव आत्याचं व्हतं. ती पाटात गेल्ती. मंग तिचा दगड बसिवला आन् नाव मला दिलं. त्यो बघा, कडंचा. मीच पानी घालती रोज."

"आणि या शिडीवर तू कुठे आहेस?" वंदनाने विचारलं. आपला आवाज नेहमीसारखाच निघाला याचं तिला नवल वाटलं.

"हितं," मीनाने सगळ्यात वरच्या पायरीवर बोट टेकवलं. "हितून एसटी दिसन."

वंदनाने ते नोंदवलं. आपलं नाव दुसऱ्या कुणीतरी अंगावर घालून हिंडतंय, आणि तिला ते छान बसलंय, हे पाहून तिला मायाही आली आणि थंडीही वाजली. अंगणात तर लख्ख ऊन होतं.

तरण्या माणसाच्या जागी प्रभावती बसली. तातेरावची बायको, जाफराबादकडची, दिवस भरत आलेले म्हणून यंदा फडावर गेली नव्हती. तिने वंदनाला कधी पाहिलेलं नव्हतं आणि घरात ती एकटीच बोलायला आसुसलेली होती.

"मधी लिवा मला, ताई," शिडीकडे बघत ती म्हणाली. "ह्या दिवसात वर पाहिलं की चक्कर येती." मग आपणहून आवाज उतरवून पुढे म्हणाली, "तुमी गेलेल्यांचं इचारत न्हाई का? आमच्या सासूबाई इचारतेत. दर साली, पोरीच्या दगडापाशी. मूठभर जवारी टाकायची, इचारायचं सुखी हाईस का, आन् सकाळी दाने उचललेले असले म्हंजे सुखी."

"चिमण्या उचलत असतील की."

"उचलनारच. चिमन्या कशाला ठिवतेत? म्या बी तसंच म्हनली व्हती." प्रभावतीने पोटावरून हात फिरवला. "पन आमची मीना पाऊल टाकाया लागली त्या साली, दाने तसेच. चिमनी न्हाई का मुंगी न्हाई. सासूबाई हितं बसून राहिल्या. अन्नाला शिवल्या न्हाईत. म्हनल्या, पोरीच्या पदरातून काईतरी गेलं."

त्या साली, त्याच थंडीत, वंदनाला जालन्याच्या दवाखान्यात मुलगा झाला होता. संध्याकाळी जन्मला आणि दिवस उजाडायच्या आत गेला. ही गोष्ट प्रेमला आणि त्याच्या आईला सोडून जगात कुणालाच ठाऊक नव्हती.  योगायोग, असं वंदनाने मनात म्हटलं, आणि तो शब्द मनात कुठेच टेकेना.

"आणि ती पोरगी गेलीच हे कशावरून?" तिने कसंबसं विचारलं. "प्रेत तर सापडलं नसेल."

"न्हाई ना. उलट साल झाल्यावर मुकादम म्हनला, अंबडच्या स्टँडवर दिसली व्हती. चांगली साडीबिडी नेसलेली. सासूबाई म्हनल्या, दगड बसला. आता दिसली तरी दिसली न्हाई." प्रभावती अवघडत उठली. "थांबा ताई, पानी देती. बोलून बोलून घसा कोरडा करून ठिवला तुमचा."

तिने पाण्याचा तांब्या आणला आणि वंदनाच्या हातात द्यायला पुढे केला. तेवढ्यात घरातून एक बाई बाहेर आली, प्रभावतीच्या हातातून तांब्या काढून घेतला, पाण्याची धार आधी मातीवर सोडली, मग तांब्या जमिनीवर ठेवला आणि मागे सरकली. ती तुळजाबाई. केस पिकले होते, खांदे उतरले होते, पण मागे सरकायची ढब तीच होती. तिने हे सगळं मान खाली घालून केलं. एकदाही वर पाहिलं नाही.

प्रभावती मातीवरच्या ओलीकडे बघत राहिली. मग तिने वंदनाकडे पाहिलं, तोंडावर हात दाबला आणि पोट सावरत घरात निघून गेली.

वंदनाही समजली. ही या एकाच वस्तीची रीत होती. नाल्यापलीकडच्या भिल्लांना सांगितली तर तेही हसतील. दगड बसवलेलं माणूस पुढे कधी चालत आलं, तरी ते आलेलं नसतं. दगडाला सांगितलेलं नाव माणसाला परत मिळत नाही. त्याला पाणी द्यायचं ते आधी मातीला देऊन. त्याला जेवू घालायचं, मायेने घालायचं, पण त्याच्या तोंडाकडे बघायचं नाही.

तिने हे लहानपणी पाहिलं होतं. आईचा एक चुलतभाऊ सुरतेकडे कामाला जाऊन बेपत्ता झालेला, त्याचा दगड बसला, आणि नंतर तो परत आला. याच हिवराखाली तो बसून जेवला होता. ती आणि इतर पोरं लांबून बघत होती, आणि खडा आरपार जातो का ते पाहायला तिने त्याला एक खडा मारला होता. खडा त्याच्या खांद्याला लागला. त्याने वळून पाहिलं आणि तो हसला. तो हसला याचीच भीती वाटून ती पळत सुटली होती.

अशा माणसाला वस्ती एकच प्रश्न विचारते. सुखी हाईस का? ते हो म्हणालं तर सुटलं; त्याने जायचं आणि पुन्हा यायचं नाही, मागून त्याची पावलं झाडून काढतात. ते नाही म्हणालं तर पुढच्या साली त्याने पुन्हा यायचं, पण तोवर त्याचं दुःख त्याचं नाव लावणाऱ्या लेकराच्या अंगावर बसतं. आईचा तो भाऊ नाही म्हणाला होता. त्या पावसाळ्यात त्याच्या नावाचं पोर तापाने वारलं. त्या साली ताप सगळीकडेच होता, असं आता वंदनाला म्हणता येत होतं. पण पोर वारलं होतं, आणि पुढच्या साली तो भाऊ येऊन हो म्हणून गेला होता, हेही तिला आठवत होतं.

आईने हिवराखाली पान मांडलं. वंदना उठून तिथे गेली. नको म्हणायचं तिच्या डोक्यातही आलं नाही. शेवटच्या दगडाच्या अगदी शेजारी ती बसली. ज्वारीची भाकरी होती, झिंग्यांची चटणी होती. आणि भाकरीचा वरचा करपलेला पापुद्रा सोलून वेगळा ठेवला होता, कारण वंदना इथली मीना होती तेव्हा तिला तो लागायचा आणि त्यासाठी ती तातेरावशी मारामाऱ्या करायची. वंदनाला रडू आलं. ते तिने पापुद्र्याबरोबर गिळलं.

ती जेवत असताना तुळजाबाई जरा लांब, दगडाकडे तोंड करून बसली होती. भिवा बाजेवरून उतरून काठी टेकत आला आणि उभा राहिला. प्रभावती दाराच्या चौकटीला धरून होती. लहानग्या मीनाला तेवढं कुणी आवरत नव्हतं. ती दगडाशी येऊन बसली आणि आत्याच्या पाठीला आपली पाठ चिकटवली. तिचं अंग गरम होतं. उन्हात खेळणाऱ्या पोरांचं असतंच, वंदनाने स्वतःला बजावलं.

तुळजाबाईने मूठभर ज्वारी दगडापाशी टाकली. सकाळपासून घरात मराठीच चालली होती, पाव्हण्यासाठी. आता ती पहिल्यांदा घरच्या भिल्ली बोलीत बोलली, आणि तो आवाज ऐकून वंदनाला कळलं की इतकी वर्षं आपण झोपेत याच आवाजाने दचकत होतो.

"सुखी हाईस का?"

वंदनाने हा प्रश्न शेकडो माणसांना विचारला होता. लोक खरं आहे त्याहून एक पायरी वर सांगतात, हे तिला पाठ होतं. स्वतःची पायरी मात्र तिने कधी पाहिली नव्हती. आता पाहिली. मस्तगडातली माळ्यावर चढवलेली पाळण्याची झोळी पाहिली. प्रेमला सांगितलेलं खोटं पाहिलं. इथे आईने दगड बसवायच्या सुमाराला तिनेही तिकडे आईला मारून टाकलं होतं. नाही म्हणायचं, की पुढच्या पौषात पुन्हा यायचं. पुन्हा हा पापुद्रा, पुन्हा हा आवाज. दर साली नाही म्हणायचं. एवढा एक शब्द आणि आई तिची राहणार होती, तोंडाकडे न बघणारी का होईना. तो शब्द तिच्या जिभेवर आला. खरा शब्द तोच होता.

पाठीला चिकटलेली मीना काहीतरी गुणगुणत होती. एसटीचं गाणं असावं, तिने स्वतःच जुळवलेलं.

"हाय," वंदना म्हणाली. तिच्याही तोंडून घरचीच बोली निघाली, जराही न अडखळता. "सुखी हाय."

तुळजाबाईची मान खालीच होती. तिने एक दाणा उचलला, पुन्हा ठेवला, पुन्हा उचलला. "मंग जाय, माय," शेवटी ती म्हणाली.

वंदना उठली. टॅब पिशवीत घातला. मधल्या वयाच्या माणसाची जागा रिकामीच राहिली होती. येते, असं जाणाऱ्याने म्हणायचं नसतं, म्हणून ती काही बोलली नाही. मागे वळूनही बघायचं नसतं. ती चालू लागली आणि मागून खराट्याचा आवाज सुरू झाला. सर्र, सर्र. अंगणातून वाटेवर, वाटेवरून शेतांमधल्या पांदीत, तो आवाज तिच्या मागे मागे येत राहिला. लहानपणी सकाळी याच आवाजाने तिला जाग यायची आणि आई अंगणात आहे हे कळून ती पुन्हा झोपायची. आता तो आवाज तिला पुसत होता. ती चालत राहिली.

नाल्यापाशी आल्यावर खराटा थांबला. सगळं पुसून झालं असेल, असं तिला वाटलं. मागे मीनाची हाक ऐकू आली, कोंबड्यांची एकच फडफड ऐकू आली, कुणाची तरी धावपळ ऐकू आली. वंदना जिवंत बाई होती. तिची मान वळलीच.

कोंबड्या पांदीत सैरावैरा सुटल्या होत्या आणि मीना त्यांच्यामागे पळत होती. खराटा वाटेत आडवा पडला होता. वस्तीपासून तिथपर्यंतची माती लख्ख झाडलेली होती. तिथून पुढे, मऊ फुफाट्यात, वंदनाचं एक पाऊल झाडायचं राहिलं होतं आणि त्यावर कोंबड्यांचं डालं पालथं घातलेलं होतं. तुळजाबाई डाल्याला टेकून मातीत बसली होती. तिचा एक हात डाल्यावर होता, वाऱ्याने उडू नये म्हणून धरतात तसा, आणि ती वंदनाच्या तोंडाकडे बघत होती.